पंचगंगेचा पूर आणि आचऱ्याची खाडी: जास्त पावसानं खाडीतले मासे घटतात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही कोल्हापूरचे, सासुरवाडी मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची. सासऱ्यांचा अनुभव असा की ज्या वर्षी पंचगंगेला महापूर येतो, त्या वर्षी त्यांच्या खाडीतली मासळी संपते. २०१९ आणि २०२१ ही दोन वर्षं त्यांनी उदाहरण म्हणून सांगितली. तुम्हाला त्याच खाडीत पिंजरा लावून चोणक हा मासा वाढवायचा आहे. (रायगडकडं यालाच जिताडा म्हणतात.) पैसे घालण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: जास्त पावसानं खाडीतले मासे खरंच कमी होतात का, आणि होत असतील तर किती पावसाला.

मी राहतो कोल्हापुरात, पण काम घाटाखाली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांमधून पाण्याचे आणि मासळीचे नमुने घेणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. त्या कामातून जे कळलं त्याच्या आधारानं सांगतो. तुमचे सासरे जे बघतात ते खरं आहे. पण पाऊस पडला की मासे आधी जागा बदलतात. त्यांची संख्या वाढते किंवा घटते ती नंतर, आणि प्रत्येक जातीच्या बाबतीत वेगवेगळ्या मुदतीनं. ‘किती मिलिमीटरला मासे कमी होतात’ याला एक आकडा नाही, कारण एकूण पावसापेक्षा तो कधी पडला आणि कसा पडला यावर जास्त ठरतं.

पंचगंगेचं आधी बाजूला काढू. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचं पाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं आणि पुढं अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा असं करत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. या पाण्याचा एक थेंबही आचऱ्याला जात नाही. सह्याद्रीचा माथा मध्ये आहे. गगनबावड्याला पडणारा पाऊस त्या माथ्यावर विभागतो: पूर्वेकडचा कुंभीत उतरतो, पश्चिमेकडचा वैभववाडी-खारेपाटणमार्गे वाघोटण नदीतून विजयदुर्गच्या खाडीला जातो. आपल्या जिल्ह्यातलं ठळक अपवादाचं पाणी तिलारीचं. चंदगडच्या पश्चिमेकडून ते दोडामार्गात उतरतं आणि गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी अरबी समुद्राला मिळतं. आचऱ्याची नदी गड किंवा कर्ली या नद्यांपेक्षाही छोटी, तिचं पाणी कोकणातच पडतं आणि कोकणातच समुद्रात जातं.

मग सासऱ्यांना दोन्ही गोष्टी एकत्र का दिसतात? कारण मान्सूनचा जोर आला की घाटाच्या दोन्ही अंगांना एकदमच झोडपतो. पंचगंगेचा पूर ही खूण आहे, कारण नव्हे. आणि खूण म्हणूनही ती कच्ची आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते की ४३ फुटांची धोका पातळी, हे पावसाइतकंच राधानगरीच्या दरवाजांवर आणि वाडीला कृष्णेची फूग (मागं तुंबलेलं पाणी) किती आहे त्यावरही अवलंबून असतं. म्हणून इथून पुढं पंचगंगेचे फूट विसरा आणि मालवण-देवगडचा रोजचा पाऊस बघा.

आता खाडीत काय होतं ते. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण ३५ भाग मीठ असतं. मे महिन्यात कोकणातल्या छोट्या खाड्यांमध्ये नदीचं पाणी जवळजवळ आटलेलं असतं, त्यामुळं मुखापासून बरंच आतपर्यंत पाणी समुद्राइतकंच खारट लागतं. जून उजाडतो आणि पंधरवड्यात चित्र पालटतं. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नद्या आखूड, उतार तीव्र, जांभा दगड पाणी फार काळ धरून ठेवत नाही. डोंगरात पडलेला पाऊस काही तासांत खाडीत येतो. जुलैमध्ये खाडीच्या वरच्या भागात क्षारता (हजार भागांतलं मीठ) शून्याजवळ असते, आणि मुखाशी ती दर भरती-ओहोटीला वरखाली होते.

पण हे पाणी सगळीकडं सारखं नसतं, आणि तुमच्या कामाच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. हजार लिटर गोड पाण्याचं वजन हजार किलो, तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचं सुमारे १०२५ किलो. हा थोडासा फरक पुरतो. गोड पाणी वर तरंगत समुद्राकडं जातं आणि खालून भरतीबरोबर खारं पाणी जिभेसारखं आत सरकतं. वरून बघणाऱ्याला खाडी पूर्ण गढूळ आणि गोडी दिसते, पण तीन-चार मीटर खोलीवर अर्धा समुद्र असतो. जास्त खारेपणा लागणारे मासे अशा वेळी खोल चरांमध्ये टिकून राहतात. उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती जोरात असते, थर मिसळतात. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी मंद असताना) थर वेगळे राहतात. फार मोठा लोंढा आला तर मात्र तळाचं खारं पाणीसुद्धा बाहेर ढकललं जातं आणि काही दिवस खाडी वरपासून खालपर्यंत नदी होते. मासळीवर खरा ताण येतो तो याच दिवसांत.

हा ताण कसा येतो ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतं. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलट: पाणी अंगात शिरत राहतं, ते भरपूर पातळ लघवीवाटे काढावं लागतं आणि उरलेलं मीठ धरून ठेवावं लागतं. बोय, काळुंदर, चोणक, तांबोशी यांना ही उलटापालट जमते, पण कल्ल्यांना तयारी करायला वेळ लागतो. आठवडाभरात पाणी गोडं झालं तर ते सावरतात. एका रात्रीत झालं तर तेच मासे खाणं सोडतात, सुस्तावतात आणि रोगाला बळी पडतात. बांगडा-तारलीसारख्या समुद्राच्या माशांना हे जमतच नाही, ते खाडीच्या तोंडातून मागे फिरतात.

ज्यांना पळता येत नाही त्यांचं दुःख वेगळं. कालवं शिंपला मिटून काही दिवस काढतात. तिसऱ्या (वाळूतले छोटे शिंपले) वाळूत खोल जातात, मिटून बसतात, पण गोडं पाणी आठवड्यांवर टिकलं तर मरतात. पावसाळ्यानंतर वाळूच्या पट्टीवर उघडे शिंपले पसरलेले दिसतात ते बहुतेक याचंच. शिणाण्यांची (दोरावर वाढवल्या जाणाऱ्या शिंपल्यांची) शेती करणारे लोक जूनआधी दोर का काढून घेतात, तेही यावरून लक्षात येईल. ‘पावसानं मासळी मेली’ हे वाक्य कोणाला अक्षरशः लागू पडत असेल तर ते या शिंपल्यांना. पोहणाऱ्या माशांना ते क्वचितच लागू पडतं.

क्वचितच म्हणालो, कारण एक प्रसंग वेगळा आहे: पहिला जोरदार पाऊस. उन्हाळाभर नाल्या-ओढ्यांत साचलेला पालापाचोळा, शेण, सांडपाणी हे सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम येतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पंचगंगेत मासे तरंगल्याच्या बातम्या आपण कोल्हापूरकरांनी वारंवार वाचल्यात. खाडीत भरती रोज दोनदा नवं पाणी आणते म्हणून तितकं वाईट सहसा होत नाही, पण कोंडलेल्या फाट्यांमध्ये होतं. तिथं मासे पहाटे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडताना दिसले तर समजावं की प्राणवायू कमी आहे. त्याचा दोष मिठाच्या कमी-जास्तीला देऊ नये.

आता सासऱ्यांच्या ‘मासळी संपते’कडं येतो. माझ्या मते त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय तुम्हाला निर्णय घेता येणार नाही.

पहिली, मासे हललेले असतात. आचऱ्याच्या वरच्या भागात कांडाळी (पाण्यात उभं लावायचं जाळं) लावणाऱ्याला जुलैत काही मिळत नाही, त्याच वेळी मुखाजवळ पाग (हातानं फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्याला कोळंबी भरभरून मिळते. पांढऱ्या कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी होताना समुद्राकडं जातात. पावसाचा लोंढा त्यांना ही वाट एकदम धरायला लावतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटरियाचं आखात आहे. तिथं पावसाळ्यातला पाऊस आणि त्यानंतर समुद्रात मिळणारी कोळंबी यांचा संबंध गेल्या शतकातच अभ्यासला गेला. काही भागांत तो संबंध इतका घट्ट निघाला की जास्त पाऊस म्हणजे जास्त कोळंबी असं सरळ दिसलं. याचा अर्थ असा की खाडीतल्या माणसाला ‘संपली’ वाटणारी कोळंबी बाहेर समुद्रात दुसऱ्याच्या जाळ्यात असू शकते.

दुसरी गोष्ट, मासे तिथंच असतात पण जाळं टाकता येत नाही. पुरात ओंडके, झावळ्या, बांबू, प्लास्टिक वाहत येतं. कांडाळी लावली तर फाटते किंवा वाहून जाते. गढूळ पाण्यात ओढ इतकी असते की होडी सांभाळणं कठीण. महिन्यात निम्मे दिवस कोणी खाडीत उतरलाच नाही आणि महिन्याची मासळी निम्मी झाली, तर मासे घटले असं म्हणता येत नाही. कामात मी नेहमी विचारतो ते ‘किती मिळाली’ एवढंच नाही. ‘किती जाळ्यांना, किती भरत्यांना मिळाली’ हेही विचारतो. हा एक प्रश्न विचारला की ‘मासळी संपली’च्या अनेक तक्रारींचा अर्थ बदलतो.

इथं कोल्हापूरच्या बाजाराबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडं जून-जुलैत मासळी महाग होते आणि लोक म्हणतात, पावसानं मासे नाहीत. त्या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, आणि वर करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड आली की गाड्या दुसऱ्या घाटानं फिरवून आणाव्या लागतात. आपल्या ताटातला तुटवडा बहुतेक वेळा कायद्याचा आणि रस्त्याचा असतो. त्यावरून खाडीचा अंदाज बांधू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे मासे खरोखर घटणं. ते होतं, पण त्याच पावसाळ्यात सहसा दिसत नाही. आणि कित्येकदा चांगल्या पावसाचा परिणाम नेमका उलटा असतो. यावर जरा थांबतो, कारण खाडीच्या मासळीचं भवितव्य इथंच ठरतं.

पहिल्या पावसाला शेतात, ओढ्यात चढणारे मासे आपल्याकडंही सगळ्यांना माहीत आहेत. चढणीचे मासे पकडायला कंदील-बॅटऱ्या घेऊन धावणारी पोरं भुदरगडातही दिसतात आणि कुडाळातही. ते गोड्या पाण्याचे मासे. त्यांच्यासाठी पाऊस हा अंडी घालण्याचा इशारा असतो. खाडीतल्या अनेक जातींसाठीही तसंच आहे, फक्त दिशा वेगळी. चोणक वर्षानुवर्षं खाडीत, नदीच्या खालच्या भागात काढतो आणि अंडी घालायला मुखाशी, खाऱ्या पाण्याकडं येतो. त्याचा हंगाम पावसाळ्याशी जोडलेला आहे. अंड्यांना आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना खारं पाणी लागतं, पण थोडी वाढली की तीच पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि पावसानं भरलेल्या कांदळवनात, खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत), पाणथळ शेतांत शिरतात. तिथं खाणं भरपूर, लपायला जागा, आणि पाणी गढूळ असल्यानं मोठ्या माशांना ती दिसत नाहीत. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं याच्या उलट: मादी नदीतून खाली येते, कारण तिच्या पिल्लांना निमखारं पाणी लागतं, आणि मग वाढलेली पिल्लं परत वर चढतात. अहीर हा सापासारखा लांब मासा आणखी लांबचा प्रवासी. तो वर्षानुवर्षं नदीत राहून शेवटी अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्या प्रवासाला पुराचं पाणी लागतं.

म्हणजे चांगला पाऊस झाला तर पाळणाघर मोठं होतं. शिवाय डोंगरातून आलेलं पोषण खाडीत साठतं. पाणी निवळलं, ऊन पडलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात सूक्ष्म वनस्पती झपाट्यानं वाढतात, त्यावर सूक्ष्म प्राणी, त्यावर पिल्लं. आणखी एक फायदा असा की ज्या खाड्यांच्या तोंडाशी उन्हाळ्यात वाळू साठते, ते तोंड पूर मोकळं करतो. देवबागला कर्लीच्या मुखाशी किंवा तळाशिलच्या पट्टीशी गड नदी कशी वाट काढते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही ताकद ठाऊक आहे. तोंड मोकळं असेल तर पिल्लांचा आत-बाहेर प्रवास होतो.

पण हा फायदा जाळ्यात दिसायला वेळ लागतो. कोळंबी काही महिन्यांत मोठी होते, म्हणून तिच्यावरचा परिणाम त्याच वर्षी कळतो. बोय, मुडदुशी यांच्यावरचा एक-दोन वर्षांनी. चोणक विकण्याजोगा व्हायला आणि जाळ्यात सापडायला तीन-चार वर्षंही लागतात. ऑस्ट्रेलियातच चोणकावर झालेल्या अभ्यासात ज्या वर्षी नदीचं पाणी भरपूर आलं त्या वर्षी जन्मलेली पिढी मोठी निघाली, आणि ती पकडीत दिसली काही वर्षांनंतर. २०२१ च्या पावसाचा चोणकावर काय परिणाम झाला हे सासऱ्यांना २०२१ मध्ये दिसणं शक्यच नव्हतं. त्यांना २०२४-२५ मध्ये किती मिळाला, ते विचारा. (चोणकात पुन्हा एक गुंता आहे: तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठे मासे सगळे पकडले गेले तर कितीही चांगला पाऊस झाला तरी अंडी घालायला माद्या उरत नाहीत.)

थोडक्यात, पावसाळ्यात दिसणारी घट ही बहुतेक जागेची आणि मासेमारीची घट असते. संख्येतली खरी घट-वाढ पुढच्या काळात, जातीनुसार दिसते. मग जास्त पाऊस नेहमीच चांगला का? नाही. पुढचं सगळं पावसाच्या वेळेवर आणि घडणीवर आहे.

महिनाभर रोज थोडा थोडा पडणारा आणि दोन दिवसांत कोसळणारा पाऊस, एकूण मिलिमीटर सारखेच असले तरी खाडीला दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात क्षारता हळू उतरते, मासे सावरतात, तळाला खारं पाणी टिकतं. दुसऱ्यात खाडी धुऊन निघते आणि नुकतीच आत आलेली पिल्लं, त्यांचं खाणं, सगळं समुद्रात फेकलं जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीच्या पुरानं जे केलं ते शहरातल्या नुकसानीच्या अंगानं आपण ऐकलं. असा लोंढा पिल्लांच्या काळात आला तर खाडीतलं त्या वर्षीचं बरंचसं पीक जाऊ शकतं. उलट मोठी उघडीप पडली तरीही त्रास होतो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा उघडिपीत खारं पाणी परत आत सरकतं, खाजणातलं पाणी आटतं आणि तिथं शिरलेली पिल्लं डबक्यांत अडकतात. २०२५ मध्ये २५ मे रोजीच मान्सून देवगडपर्यंत आला. अशा वर्षी तिसऱ्या काढण्याचा शेवटचा हंगाम बुडतो आणि पाणी सर्वांत खारट असतानाच एकदम गोडं होतं.

याशिवाय तुमच्या खाडीच्या स्वभावावर बरंच अवलंबून आहे. लांब, खोल, रुंद तोंडाची विजयदुर्गची खाडी मोठा पूर पोटात घेते. आचऱ्यासारख्या छोट्या खाडीला तितका मोठा समुद्र आत घेता येत नाही, म्हणून ती लवकर गोडी होते आणि पाऊस थांबला की लवकर परत खारीही होते. कांदळवन शाबूत असेल तर लोंढ्यात पिल्लांना आसरा मिळतो. आचऱ्यात ते चांगलं आहे आणि तुमच्या बाजूनं ही मोठी जमेची गोष्ट आहे. वर नदीला बंधारे असतील तर आणखी एक हिशेब येतो. आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे कोकणातही आहेत. पाऊस संपता संपता त्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की चढणाऱ्या माशांची वाट बंद होते आणि खाली येणारं गोडं पाणी तुटतं. बरगे दोन-तीन आठवडे उशिरा घातले तर किती फरक पडतो याकडं मत्स्यव्यवसाय आणि जलसंधारण या दोघांनी मिळून बघायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. खाडीला पावसाळ्यातला पूर लागतो तसंच ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं बारीक वाहतं पाणीही लागतं, आणि ते आपण सगळ्यांत आधी अडवतो.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण कोयनेचं. पूर्वेकडं वाहणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला आणून पोफळीला वीज केली जाते. कृष्णा पाणीवाटपात त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरलेलं आहे. ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. त्यामुळं चिपळूणजवळची खाडी ऐन एप्रिल-मेमध्येही गोडी राहते, जे पावसाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून वाशिष्ठीचा अनुभव आचऱ्याला लावू नका आणि आचऱ्याचा वाशिष्ठीला.

आता तुमचा पिंजरा. वर सांगितलेल्या सगळ्यातून तुमच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: मोकळ्या माशाला खोल चर शोधता येतो, मुखाकडं सरकता येतं. पिंजऱ्यातल्या माशाला येत नाही. पावसाचं जे पाणी मोकळ्या चोणकाच्या पुढच्या पिढीला वाढवतं, तेच पाणी पिंजऱ्यातल्या चोणकाला एका रात्रीत अडचणीत आणू शकतं. चोणक अगदी गोड्या पाण्यातही जगतो, त्यामुळं नुसता गोडेपणा त्याला मारणार नाही. मारतील ते झटकन झालेला बदल, गाळ, कमी प्राणवायू आणि वाहत येणारे ओंडके हे सगळे एकाच रात्री आले तर.

म्हणून पहिल्या वर्षी पावसाळा पिंजऱ्यात काढू नका. पाणी निवळल्यावर, ऑक्टोबर अखेर किंवा नोव्हेंबरात मासे सोडायचे आणि मे संपायच्या आत काढायचे, असा बेत ठेवा. अगदी बोटभर पिल्लं टाकलीत तर सहा-सात महिन्यांत विकण्याजोगं वजन भरणं कठीण जाईल. त्यामुळं एखाद्या तळ्यात किंवा हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) आधी वाढवलेली मोठी पिल्लं घ्या, थोडी महाग पडली तरी. आकारानं सारखी निवडून घ्या, कारण चोणक मोठा लहानाला खातो. जागा निवडताना ओहोटीला पिंजऱ्याच्या तळाखाली निदान दीड-दोन मीटर पाणी राहतंय का ते उधाणाच्या ओहोटीला जाऊन बघा. भांगाच्या ओहोटीला बघितलंत तर फसाल. परवानगीसाठी मालवणला मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जा. कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनेतून जिताडा, खेकडे, कालवं, शिणाण्यांची शेती झालेली आहे, ती करणाऱ्या गटांना भेटा आणि त्यांना मुद्दाम विचारा की पावसाळ्यात त्यांनी काय केलं.

आणि पैसे घालण्याआधी एक पूर्ण पावसाळा नोंदी ठेवा. क्षारता मोजायचं हातातलं उपकरण, रिफ्रॅक्टोमीटर, काही हजारांत मिळतं. सासऱ्यांना सांगा, खाडीत तीन जागा ठरवा: मुखाशी, मधोमध आणि वरच्या अंगाला. आठवड्यातून एकदा, शक्यतो भरती पूर्ण झाल्यावर, प्रत्येक जागी वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं घ्या. तळाच्या पाण्यासाठी बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली खाली पोचली की बूच ओढा. बहुतेक लोक फक्त वरचं पाणी मोजतात आणि खाडी गोडी झाली म्हणून मोकळे होतात. खाडीचं खरं चित्र तळाच्या आकड्यात असतं. जोराच्या पावसानंतर रोज मोजा आणि तळाचं पाणी पुन्हा खारट व्हायला किती दिवस लागले ते लिहा. माझ्या मते पिंजऱ्याच्या जागेबद्दल सर्वांत जास्त सांगणारा आकडा हाच: महापुरानंतर सावरायला लागणारे दिवस.

त्याच वहीत मासळीही लिहा. कोणतं जाळं, किती वेळ, कुठं, कोणत्या जाती, साधारण आकार. लहान पिल्लं किती दिसली ते जरूर लिहा, कारण पुढच्या वर्षांची मासळी त्यातूनच येते. ज्या दिवशी होडी उतरली नाही तो दिवस ‘उतरलो नाही’ असा लिहा, शून्य लिहू नका. पाऊस मालवण किंवा देवगडचा घ्या. सासऱ्यांच्या डोक्यात असल्या नोंदी चाळीस-पन्नास वर्षांच्या असणार. कोणत्या वर्षी कुठल्या महिन्यात काय मिळालं हे त्यांना विचारून मागची काही वर्षंही उतरवून घ्या, आणि प्रत्येक वेळी ‘खाडीत की मुखाशी’ हे न विसरता विचारा.

डिसेंबरात ही वही घेऊन कोल्हापुरात आलात की भेटू. तीन जागांच्या तळाचे आकडे पाहिले की पिंजरा मधोमध लावायचा की मुखाकडं सरकवायचा, हे सांगता येईल. आणि वरच्या अंगाच्या जागी क्षारता नोव्हेंबरातही हजारी दहाच्या खाली असेल तर त्या बाजूचा विचार सोडून द्यावा लागेल, कारण तिथं अवेळी आलेला एक पाऊसही पाणी पुन्हा पूर्ण गोडं करायला पुरेल.